वेबपान शिकताना पहिले हत्यार कोणते?



संगणक हाताळू लागलेल्या मुलाला कधी ना कधी वाटतेच, की आपणही एखादे वेबपान तयार करावे. गावाजवळच्या किल्ल्याची माहिती, परसात येणाऱ्या पक्ष्यांची नोंद, शाळेतील विज्ञान मंडळाचे प्रयोग असे काहीतरी त्यावर मांडावे आणि ते इतरांनी वाचावे. ही इच्छा फार चांगली आहे. पण कामाला लागताच पहिला प्रश्न उभा राहतो : हे करायचे कशात? एक मित्र सांगतो, ‘अमुक ॲप घे. चित्रे ओढून जागेवर ठेवली की पान तयार.’ दुसरा म्हणतो, ‘तमुक सॉफ्टवेअरशिवाय आजकाल कोणी काम करीत नाही.’ तिसरा म्हणतो, ‘शिकतोस कशाला? कृत्रिम बुद्धिमत्तेला एक वाक्य सांग, ती क्षणात पान लिहून देईल.’

तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खोटे नाही. तरी माझे मत वेगळे आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. वेबपान नुसते मिळवायचे नसून शिकायचे असेल, तर पहिले हत्यार म्हणजे साधा मजकूर लिहिण्याचा एडिटर आणि ब्राउझर ही जोडी. विंडोजवर तो एडिटर नोटपॅड या नावाने असतो, लिनक्सवर त्याच्यासारखाच दुसरा एखादा असतो. ब्राउझर तर सर्वत्र असतो. म्हणजे खर्च शून्य, आणि सरावासाठी इंटरनेटची जोडणीही लागत नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, संगणकशास्त्र नव्हे. पण नवशिक्याच्या हाती कोणते उपकरण द्यावे, हा प्रश्न प्रयोगशाळेत आम्हाला नेहमीच सोडवावा लागतो. त्याचे उत्तर दोन्हीकडे सारखेच आहे असे मला वाटते. ते कसे, ते पाहू.

पान म्हणजे आहे तरी काय?

शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे, त्या काळी लेखकाचे हस्तलिखित थेट यंत्रावर जात नसे. आधी संपादक त्यावर खुणा करी : हे शीर्षक मोठ्या टाइपात, हा शब्द ठळक, इथे नवा परिच्छेद. छापखान्यातील कंपोझिटर त्या खुणा वाचून खिळे जुळवी. छापलेल्या पानावर खुणा दिसत नसत, त्यांचा परिणाम मात्र दिसे.

वेबपानाचेही असेच आहे. तुम्ही साधा मजकूर लिहिता आणि त्यात खुणा करता. या खुणांना टॅग म्हणतात, आणि खुणा करण्याच्या पद्धतीला एचटीएमएल. शीर्षकाच्या आधी कोनी कंसात ‘एच-१’ अशी खूण आणि शीर्षक संपल्यावर तीच खूण तिरप्या रेघेसह. परिच्छेदासाठी ‘पी’. दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्यासाठी ‘ए’. (येथे खुणांचे उच्चार दिले आहेत, संगणकावर त्या रोमन लिपीत टंकाव्या लागतात.) ब्राउझर हा तुमचा कंपोझिटर. तो खुणा वाचतो, गिळून टाकतो आणि त्यांचा परिणाम पडद्यावर मांडतो.

खुणा सांगतात ते एवढेच, की कोणता मजकूर काय आहे. तो दिसावा कसा, म्हणजे रंग कोणता, समास किती, हे सांगण्यासाठी सीएसएस नावाची वेगळी भाषा आहे. पानाने काही क्रिया करावी, बटण दाबताच बेरीज करून दाखवावी असे वाटले, तर जावास्क्रिप्ट ही तिसरी भाषा. तिन्ही भाषा साध्या मजकुरात लिहिल्या जातात. वेबपान म्हणजे शेवटी अक्षरांची एक फाइल. म्हणूनच अक्षरे लिहिता येतील असे कोणतेही हत्यार त्यासाठी पुरते.

पदार्थवैज्ञानिकांच्या गरजेतून

वेबचा जन्म पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत झाला, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत मूलकणांवर संशोधन चालते. देशोदेशींचे वैज्ञानिक तेथे येतात, वेगवेगळे संगणक वापरतात, आणि एकाने लिहिलेली माहिती दुसऱ्याला सहज सापडत नाही. टिम बर्नर्स-ली हे तेथे काम करीत होते. त्यांनी ऑक्सफर्डला पदार्थविज्ञानाचीच पदवी घेतली होती. १९८९ च्या मार्चमध्ये त्यांनी या अडचणीवर एक योजना मांडली, आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर व पहिला सर्व्हर चालू झाला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ही गोष्ट बाहेरच्या जगाला कळविली. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणालाही विनामूल्य वापरता येईल असे जाहीर केले. आज तुम्ही कोणाची परवानगी न घेता वेबपान लिहू शकता, ते त्या निर्णयामुळे.

यातील दोन गोष्टी आपल्या प्रश्नाशी संबंधित आहेत. पहिली अशी, की सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये खुणा होत्या अवघ्या अठराच्या आसपास. आज त्या शंभराहून अधिक आहेत, पण शीर्षक, परिच्छेद, यादी आणि दुवा यांच्या त्या जुन्या खुणा अजून तशाच चालतात. नवशिक्याला एवढ्या थोड्या खुणांत पहिले पान लिहिता येते. दुसरी गोष्ट अशी, की ब्राउझरमध्ये कोणत्याही पानाचा मूळ मजकूर, त्यातल्या खुणांसह, उघडून पाहण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. एका पिढीने वेबपाने लिहायला शिकले ते दुसऱ्यांची पाने अशी उघडून, वाचून. यंत्राचे झाकण काढून आत पाहण्यासारखेच हे. तुम्हीही ते करू शकता : संगणकाच्या बहुतेक ब्राउझरांत एफ-१२ ही कळ दाबली की पानाची रचना समोर येते.

एका वेळी एकच बदल

ओहमचा नियम शिकवताना आम्ही विद्यार्थ्यापुढे काय ठेवतो? एक विद्युतघट, एक रोधक, एक अमीटर, एक व्होल्टमीटर आणि काही तारा. रेडिओचा जोडलेला संच ठेवत नाही. रेडिओतही ओहमचा नियम लागू असतोच, पण तो दिसत नाही. कारण तेथे एका वेळी पन्नास गोष्टी घडत असतात. नवशिक्यासाठी चांगले उपकरण ते, ज्यात कारण आणि परिणाम दोन्ही डोळ्यांसमोर असतात, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहता येते.

ही कसोटी आता एडिटरला लावा. फाइलमध्ये पाच ओळी आहेत. एक खूण बदलली, फाइल साठविली, ब्राउझरमध्ये पान पुन्हा उघडले. शीर्षक लहान झाले. ते का झाले हे शोधायला कोठे जावे लागत नाही, कारण बदल एकच केला होता. दहा मिनिटांत असे वीस प्रयोग होतात.

आता उलट बाजू पाहा. शाळेतल्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट वर्ड असेल, तर त्यात ‘माझे गाव’ एवढेच दोन शब्द लिहा आणि ती फाइल वेबपान म्हणून साठवा. मग ती नोटपॅडमध्ये उघडा. त्या दोन शब्दांसाठी शेकडो ओळी भरलेल्या दिसतील, आणि तुमचे शब्द त्यांत शोधावे लागतील. वर्डला त्या ओळींचा काही उपयोग असतो, तो दोष म्हणत नाही. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने हे रेडिओचे उघडलेले खोके आहे. चित्रे ओढून पान बनविणाऱ्या ॲपांचीही गत थोड्याफार फरकाने अशीच. पान सुबक होते, परंतु ‘हा रंग कोठून आला?’ या प्रश्नाचे उत्तर बनविणाऱ्यालाच देता येत नाही.

गेलेली हत्यारे, राहिलेली अक्षरे

आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत मोठे वाटते. हत्यारे जातात, भाषा राहते.

फ्रंटपेज नावाचे सॉफ्टवेअर एके काळी घरोघरी वापरले जाई. मायक्रोसॉफ्टने ते १९९६ मध्ये विकत घेतले आणि त्याची शेवटची आवृत्ती २००३ ची. त्यातल्या काही सोयी चालण्यासाठी सर्व्हरवरही फ्रंटपेजचे खास जोडकाम असावे लागे. ते नसेल तेथे त्या सोयी मुक्या होत. फ्लॅशची कथा याहून बोलकी आहे. हलती चित्रे, खेळ, नाचती बटणे यांसाठी फ्लॅश इतके लोकप्रिय होते, की कित्येक संकेतस्थळे संपूर्णपणे त्यातच बनविलेली असत. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने त्याचा पाठिंबा थांबविला, आणि ब्राउझरांनीही त्याला निरोप दिला. ज्यांची पाने फक्त फ्लॅशमध्ये होती, त्यांच्या जागी कोरा चौकोन उरला.

याउलट सर्नने २०१३ मध्ये जगातील पहिल्या संकेतस्थळाची १९९२ मधील प्रत तिच्या मूळ पत्त्यावर पुन्हा मांडली. ती पाने आजच्या ब्राउझरमध्ये उघडतात आणि वाचता येतात. त्यांचे दुवेही दाबता येतात. तीस वर्षांहून जुनी ती फाइल साध्या अक्षरांत लिहिलेली होती म्हणून टिकली.

तुम्ही आज आठवी-नववीत असाल. तुम्ही नोकरीला लागेपर्यंत आजच्या किती ॲपांची नावे उरतील, हे कोणी सांगू शकणार नाही. ज्याने बटणांच्या जागा पाठ केल्या, त्याला बटणे बदलताच पुन्हा पाटी-पेन्सिल घ्यावी लागते. ज्याने खुणांची भाषा शिकली, तो नवे हत्यार हाती आले तरी विचारतो, ‘हे आत काय लिहिते?’ आणि उघडून पाहतो.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी एक प्रयोग

मराठी पान लिहिणाऱ्याला एक जादा अडचण येते, आणि तीच त्याला एक जादा गोष्ट शिकवते. संगणक अक्षरे ओळखत नाही, आकडे ओळखतो. प्रत्येक अक्षरचिन्हाला युनिकोड या पद्धतीत एक क्रमांक दिलेला आहे. ‘मराठी’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतो, पण संगणकाच्या लेखी त्यात पाच चिन्हे आहेत : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. फाइल साठविताना हे क्रमांक बाइटमध्ये मांडण्याची सध्या सर्वत्र चालणारी रीत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे ‘मराठी’ झाला पंधरा बाइटांचा.

आता हे डोळ्यांनी पाहा. पानाच्या सुरुवातीला ‘मेटा’ नावाची खूण असते. तीत फाइल कोणत्या रीतीने वाचावी हे सांगतात. तेथे यूटीएफ-८ लिहिले की ‘मराठी’ नीट दिसेल. मग मुद्दाम तेथे ‘विंडोज-१२५२’ या युरोपीय रीतीचे नाव लिहा आणि पान पुन्हा उघडा. मराठी नाहीशी होऊन विचित्र चिन्हांची माळ दिसेल, आणि डोक्यावर तिरपी रेघ असलेले एक रोमन अक्षर तीत बरोबर पाच वेळा आलेले असेल. कारण त्या रीतीत एक बाइट म्हणजे एक चिन्ह. पंधरा बाइटांची पंधरा चिन्हे झाली, त्यांतले एक मोकळी जागा असल्याने दिसत नाही. प्रत्येक मराठी चिन्हाचा पहिला बाइट सारखाच, म्हणून ते अक्षर पाच वेळा.

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे आपापले खास फाँट वापरीत. वाचकाकडे तो फाँट नसला की पडद्यावर असाच निरर्थक मजकूर उमटे. शोधयंत्रांनाही ते शब्द मराठी म्हणून कळत नसत. तयार ॲप हे सारे पडद्याआड उरकते. सोय झाली खरी, पण ज्या दिवशी काही बिघडेल त्या दिवशी तुमच्या पानावरची मराठी तुम्हालाच सावरता येणार नाही.

आक्षेप आणि उत्तरे

माझ्या मतावर आक्षेप येतील, आणि त्यांतले काही रास्त आहेत.

‘साध्या एडिटरचे नवशिक्यालाच जास्त त्रास होतात.’ हे खरे आहे. नोटपॅड फाइलच्या नावापुढे आपल्या मनाने ‘टीएक्सटी’ हे शेपूट जोडते, विंडोज ते दाखवीत नाही, आणि पान ब्राउझरमध्ये उघडत नाही म्हणून मूल रडकुंडीला येते. उपाय सोपा आहे : साठविताना फाइलचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नावाला ‘एचटीएमएल’ हेच शेपूट द्या. पण सांगणारा कोणी हवा. दुसरा त्रास असा, की ब्राउझर फार क्षमाशील असतो. ठळक अक्षरांची खूण बंद करायला विसरलात, तर पुढचे सगळे पान ठळक होईल, पण चूक कोठे आहे हे तो सांगणार नाही. म्हणून नोटपॅड कायमचे वापरावे असे मी म्हणत नाही. दोन-तीन आठवडे पुरेत. मग नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हिज्युअल स्टुडिओ कोड यांसारखा विनामूल्य एडिटर घ्यावा. पहिला हलका आहे, जुन्या संगणकावरही चालतो. हे एडिटर खुणा रंगवून दाखवितात, त्यामुळे चूक नजरेत भरते. लिहितात मात्र तुम्हीच, आणि म्हणून ते माझ्या कसोटीला उतरतात. इंटरनेट असेल तेव्हा आपले पान डब्ल्यू-थ्री-सीच्या विनामूल्य तपासनीसाकडून तपासून घ्यावे. चुकीची ओळ तो क्रमांकासह दाखवितो.

‘आमच्याकडे संगणकच नाही, मोबाइल आहे.’ मोबाइलवरही मजकूर लिहिण्याचे एडिटर मिळतात, आणि सुरुवात तेथे करायला हरकत नाही. फक्त कोनी कंस शोधताना बोटे दमतात आणि पान व खुणा एकदम समोर दिसत नाहीत. शाळेत एखादा जुना संगणक धूळ खात असेल, तर गुरुजींना किंवा बाईंना विचारा. या कामाला तो पुरेसा आहे. ‘सॉफ्टवेअर नाही म्हणून वेबपाने शिकवता येत नाहीत’ ही सबब मला पटत नाही, आणि चोरून उतरविलेल्या महागड्या सॉफ्टवेअरची तर मुळीच गरज नाही.

‘वडिलांच्या दुकानासाठी पान हवे आहे, तेही रविवारपर्यंत.’ मग खुशाल तयार ॲप वापरा. तेथे हेतू पान मिळविण्याचा आहे, शिकण्याचा नाही. भूक लागलेल्याला शेती शिकवीत बसू नये.

आणि सर्वांत मोठा आक्षेप : ‘कृत्रिम बुद्धिमत्ता असताना हाताने लिहायचे कशाला?’ गणकयंत्र आले तरी पाढे राहिले, त्याचे कारण आठवा. ४८ गुणिले ५२ चे उत्तर अडीच हजाराच्या जवळपास यायला हवे, हे ज्याला कळते त्यालाच गणकयंत्रावरची चुकीची कळ कळते. यंत्राने लिहिलेल्या दोनशे ओळींतली कोणती ओळ नको आहे, हे ओळखायला आधी स्वतः वीस ओळी लिहिलेल्या असाव्या लागतात. तेव्हा त्या यंत्राला पान लिहायला सांगण्याऐवजी विचारा : ‘माझी ही ओळ चालत नाही, का?’ उत्तर मिळाले की ते पानावर करून पाहा आणि खरे की खोटे ठरवा. प्रयोगाने पडताळल्यावाचून कोणाचेही म्हणणे मानू नये, हा नियम यंत्रालाही लागू आहे.

क्रम असा ठेवा

पहिल्या आठवड्यात शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा आणि चित्र एवढ्याच खुणा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सीएसएसने रंग आणि समास. मग रंगीत एडिटर. त्यानंतर जावास्क्रिप्ट, आणि तीही एखाद्या लहान कामापासून : सेल्सिअसचे फॅरनहाइट करून दाखविणारे पान चांगला धडा आहे. व्यवसायात वापरली जाणारी मोठी चौकट-सॉफ्टवेअरे त्याच्याही पुढे. शोधायचे ठरविले तर ती शंभर सापडतील, आणि निवडण्यातच सुटी संपेल. कोणते हत्यार चांगले यावर महिनाभर वाद घालणाऱ्यांपेक्षा साध्या हत्याराने दहा पाने लिहिणारा पुढे जातो.

तेव्हा मित्रहो, हा लेख मिटून ठेवा आणि एडिटर उघडा. पाच ओळींचे पान लिहा, साठवा, ब्राउझरमध्ये पाहा. मग त्यातली एक खूण बदला आणि काय होईल याचा अंदाज आधी वहीत लिहून ठेवा. अंदाज बरोबर आला तर उत्तम. चुकला तर त्याहून उत्तम, कारण तेथूनच शिकणे सुरू होते.